निद्रेचा पण

एका राज्यात कुणालाच झोप येत नव्हती. पाळण्यातली बाळं रडून रडून निळी पडत. म्हातारी माणसं उघड्या डोळ्यांनी मरत, आणि मेल्यावरही त्यांच्या पापण्या मिटत नसत. नवराबायको एकमेकांशी बोलेनासे झाले होते, कारण बोलण्यासारखं सगळं बोलून संपलं होतं.

हा घात राजा प्रसेनाच्या हातून झाला होता. दक्षिणेच्या अरण्यात धूम्राक्ष नावाच्या मायावी जादूगाराचा काळा मंडप होता. येईल त्याच्याशी तो गंजिफाची पानं खेळे. मात्र पणाला सोनंनाणं त्याला चालत नसे. शिकारीला गेलेला राजा तिथे बसला आणि स्वतःची झोप हरला. ती परत मिळवायला त्याने प्रजेची झोप लावली, आणि तीही हरला. हातात कशीही पानं येवोत, त्याने ती कधी खाली टाकली नाहीत. राजाने माघार घ्यायची नसते, असं त्याला वाटे.

त्याची धाकटी बहीण इंदुलेखा त्याच्या उशाशी बसून त्याच्या डोळ्यांवर ओल्या कपड्याच्या घड्या ठेवी. एके सकाळी त्याने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, तू कोण?"

ती उठली आणि तशीच अरण्याच्या वाटेला लागली.

वेशीबाहेर बाभळीवर एक भारद्वाज बसला होता. तो मनुष्यवाणीने बोलला, "कुठे निघालीस, राजकन्ये?"

"धूम्राक्षाशी खेळायला."

"खेळ येतो?"

"नाही."

"मग ऐक. मीही माणूस होतो. माझं माणूसपण मी त्याच मंडपात हरलो. आधी पण लावायचा, पानं न बघता. मग तीन पानं तुला, तीन त्याला. तुझी तू बघायचीस, त्याची पालथी राहतात. तिन्ही सारखी आली तर तो हात सर्वांत थोर. त्याखाली ओळीने आलेली, त्याखाली जोडी. यातलं काहीच नसेल तर ज्याचं वरचं पान मोठं, तो जिंकला; ते सारखं असेल तर पुढचं बघायचं. राजा सर्वांत मोठा, मग प्रधान, मग दहापासून खाली. हात हलका असेल तर टाकून दे; लावलेला पण जाईल, पण तेवढाच. भारी असेल तर पहिल्याइतकाच दुसरा पण लाव. मग तो पानं उलटतो."

"त्याचा हात माझ्याहून हलका निघाला तर?"

"दोन्ही पण तुझे. मात्र त्याच्याकडे निदान प्रधान तरी हवा. तोही नसेल तर त्याचा हात उभाच राहत नाही. पहिल्या पणाचं तो देतो, दुसरा नुसता तुझा तुला परत."

"आणि हलका, भारी हे ओळखायचं कसं?"

"प्रधान, सहा, चार. ही वेस समज. तिथून वर असेल तर खेळ, खाली असेल तर टाक. मनाला विचारू नकोस."

"तो लबाडी करतो?"

"त्याला गरजच नाही. खेळच त्याच्या बाजूला कललेला आहे. जितकं बसशील तितकं हरशील. तीन डाव खेळ आणि ऊठ. जिंकून उठलेलं माणूस त्या मंडपाने अजून पाहिलेलं नाही."

अरण्यात ऊन होतं, मंडपात नव्हतं. धूम्राक्ष राखेच्या रंगाचा होता. "बैस, राजकन्ये," तो म्हणाला. "काय लावतेस?"

"माझ्या आईचा चेहरा. ती गेली, माझ्याजवळ तेवढाच उरला आहे."

गोल गोल पानं वाटली गेली. तिच्या हाती दहा, पाच, दोन आले. तिने ती खाली ठेवली. धूम्राक्षाने आपली पानं मुद्दाम उलटून दाखवली: नऊ, सहा, दोन. "खेळली असतीस, तर जिंकली असतीस," तो हळूच म्हणाला. इंदुलेखाने आईला आठवून पाहिलं. निळं लुगडं आठवलं, हातातला पितळी दिवा आठवला. चेहऱ्याच्या जागी धुकं होतं.

दुसऱ्या डावाला तिने आपलं हसू लावलं. समोर त्याने बाळांची झोप ठेवली. तिला नव्व्यांची जोडी आली. तिने आपला आवाजही लावला. धूम्राक्षाकडे साधा प्रधानही निघाला नाही. त्याने बाळांची झोप दिली, तिचा आवाज तिला परत केला, आणि बाकीची झोप राखून ठेवली. दूर नगरात पाळणे गप्प झाले. आयांना वाटलं, लेकरं दगावली. त्यांनी घाबरून छातीला कान लावले.

तिसऱ्या डावाला इंदुलेखाने आपले डोळे पणाला लावले. समोर प्रजेची झोप होती. हाती आले प्रधान, सात, दोन.

तिने पानं पुन्हा पाहिली. पहिल्या डावात टाकलं ते चुकलं होतं. आता खेळणंही चुकलं तर? पण पानं वेशीच्या वर होती, तसूभर का होईना. "दुसरा पण माझे प्राण," ती म्हणाली.

"त्यावर तुझ्या भावाची झोप," धूम्राक्ष म्हणाला आणि त्याने पानं उलटली. प्रधान. सहा. पाच.

वरचं पान सारखं होतं, पण दुसरं तिचं सात होतं, त्याचं सहा; दोन्ही पण तिने जिंकले. मग त्याने हसून पानं पुन्हा गोळा केली. "एकच डाव अजून. यावेळी मी तुझ्या आईचा चेहरा लावतो."

त्याने ओंजळ उघडली. आत काहीतरी मंद उजळलं. मान वळवली असती तर तिला दिसलं असतं. गेला डाव जिंकला होता, हात चालत होता, आणि एका डावाने काय होतं?

इंदुलेखा पाठ फिरवून उठली.

"थांब!" धूम्राक्ष ओरडला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच भीती होती. तिने उंबरा ओलांडला तसे मंडपाचे खांब वाळल्या गवतासारखे मोडले, आणि धूम्राक्ष राखेचाच होता, तो राख झाला. ओंजळीतला उजेडही त्यात विझला.

बाभळीखाली एक थकलेला म्हातारा उभा होता. भारद्वाज असताना त्याची वर्षं सरून गेली होती. त्याने वाकून नमस्कार केला आणि काठी टेकत आपल्या गावाची वाट धरली, तिथे ओळखीचं कुणी उरलेलं नसेल हे ठाऊक असूनही.

नगरात माणसं जिथल्या तिथे झोपली होती. जात्यापाशी, विहिरीच्या काठावर, देवळाच्या पायरीवर. मेलेल्यांच्या पापण्याही अखेर मिटल्या होत्या. राजा जागा झाला तेव्हा त्याने बहिणीला ओळखलं.

"इंदू, तिथे काय सोडून आलीस?"

तिने सांगितलं. राजा ऐकून रडला. मग त्याने राजमुद्रा बोटातून काढून तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "माझ्याने तिथून उठवलं नसतं गं."

इंदुलेखा गादीवर बसली. तिच्या राज्यात लोक वेळेवर निजले, वेळेवर उठले, आणि त्या अरण्यात पुन्हा कुणी मंडप घातला नाही. तिला मात्र निळ्या लुगड्यावरच्या धुक्यात चेहरा शोधता शोधता सगळ्यांत उशिरा झोप लागे.