श्वास रोखून धरा

आबांचा एक्स-रे झाला, तरी आणखी तपासण्या कशाला, हे लेकीला, ओवीला, कसं सांगावं या काळजीने रेवतीला झोप लागली नाही. सकाळी तिने गोष्टच रचली.

"फार पूर्वी मशिनं बोलायची. एक्स-रे एका आजोबांना म्हणाला, 'श्वास रोखून धरा.' मग म्हणाला, 'फुप्फुसात डाग आहे.' 'केवढा, नेमका कुठे, ते मी सांगते,' सीटी म्हणाली. 'कॅन्सर असलाच तर पसरलाय का, ते मीच शोधणार,' पेट स्कॅन म्हणाला. मग तिघांत मोठं कोण, यावर जुंपली. आजोबा आपले श्वास धरूनच उभे."

"मग?"

रेवती श्वास रोखूनच आबांचे रिपोर्ट पिशवीत भरू लागली.

ओवी म्हणाली, "'सोडा' म्हणायचं राहिलंच ना त्यांचं. आई, तू पण सोड श्वास."