ब्रेक डाव्या पायाला

कोयनेकाठच्या एका गावात शिदोजी मोहिते नावाचे निवृत्त हवालदार राहत होते. त्यांच्याकडे एक जुनी इंग्रजी मोटारसायकल होती. काळी, जड, आणि शेजारच्या गावाला ऐकू जाईल अशी धडधडणारी. गेल्या तीस वर्षांत हवालदारांनी दुसऱ्या गाडीला पाय लावला नव्हता.

त्याच गावात गुरांचे डॉक्टर कासम मुल्ला होते. त्यांची गाडी जपानी. वयाने वीस-पंचवीस वर्षांनी धाकटी, अंगाने हलकी, अर्ध्या किकमध्ये चालू होणारी. "गाडी कसली, शिवणयंत्र हाय," असं हवालदार रोज हिणवत. डॉक्टर हसून चहा पीत.

एका सकाळी मात्र डॉक्टर म्हणाले, "एकदा चालवून बघा हवालदार, मग खुशाल नावं ठेवा." चारचौघांत नाही कसं म्हणणार? हवालदार ऐटीत निघाले. उताराच्या वळणावर समोर म्हशी आल्या आणि त्यांनी डावा पाय जोरात दाबला. त्यांच्या इंग्रजी गाडीचा ब्रेक डाव्या पायाला आणि गिअर उजव्या. जपानी गाडीत सगळं उलट. ब्रेक लागायचा तो गिअरच बदलला, आणि हवालदार गाडीसकट उकिरड्यात जाऊन बसले.

चूक त्यांना तिथेच कळली. पण लोक धावत आले, कुणीतरी फिदीफिदी हसलं, आणि हवालदारांच्या तोंडून निघून गेलं, "ब्रेकच लागत न्हाई हिचा!"

हवालदारांचा शब्द म्हणजे गावात काळ्या दगडावरची रेघ. तालुक्याचा मिस्त्री येईपर्यंत डॉक्टरांनी गाडी घरी उभी करून ठेवली.

तिसऱ्या दिवशी डोंगरावरच्या वाडीतून निरोप आला. हौसाबाईची म्हैस विताना अडली होती. त्या एकट्या बाईचा सारा संसार त्या एका म्हशीवर. वाट चढणीची आणि गोट्यांची, हवालदारांची जड गाडी तिथे कधीच चढली नव्हती. डॉक्टर पिशवी खांद्याला अडकवून पायीच निघाले. पोचायला दोन तास लागणार होते, आणि म्हशीकडे तेवढा वेळ नव्हता.

हवालदार पारावर बसून बघत होते. तीन दिवस त्यांनी आपली लाज सांभाळली होती, आता तीच लाज त्यांना खाऊ लागली. ते ताडकन उठले आणि भर पारावर ओरडले,

"डॉक्टर, थांबा! ब्रेक ठणठणीत हाय. पाय माझा चुकला. आन् खोटं बी मीच बोललो."

डॉक्टर मागे वळले. "तीस वर्षांची सवय, हवालदार. पाय कुणाचाही चुकला असता," ते म्हणाले. "पण हे त्याच दिवशी सांगायचं होतं." आणि ते गाडी काढायला घराकडे धावले.

म्हैस वाचली, रेडकूही वाचलं. संध्याकाळी हौसाबाईने दिलेला चिकाचा डबा डॉक्टरांनी आणून हवालदारांच्या ओट्यावर ठेवला. "आता तुमची गाडी मला चालवू द्या," ते म्हणाले.

हवालदारांचे डोळे भरून आले. त्यांनी आपली लाडकी गाडी बाहेर काढली. डॉक्टर बसताच ते खाली वाकले आणि डाव्या बाजूच्या ब्रेकवर हात ठेवून म्हणाले, "आधीच सांगतो, ब्रेक हिथं हाय."

तात्पर्य: सवयीने पाय चुकला तर त्यात लाज नाही, पण आपली चूक दुसऱ्याच्या गाडीवर ढकलली, की वाट तिसऱ्याचीच अडते.