दोन घंटांचा काठ

नद्यांवर पूल नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. एका मोठ्या नदीच्या काठी एक गाव होतं. हिवाळ्यात सकाळी तिथे इतकं दाट धुकं पडे, की नावाड्याला हातातलं वल्हंही दिसत नसे. म्हणून घाटावर पितळी घंटा वाजवत, आणि घाटाशेजारच्या धारदार खडकांवर बसून एक म्हातारी म्हशीचं शिंग फुंकत असे. घंटेच्या रोखाने यायचं, शिंगापासून लांब राहायचं, हे नावाड्यांना पाठ होतं.

गावच्या पाटलाला मात्र शिंगाचा घोगरा आवाज सोसवत नसे. परगावचे पाहुणे त्या आवाजाला हसतात, असं त्याला वाटे. त्याने घाटावरच्यासारखीच हुबेहूब दुसरी घंटा ओतून घेतली, शिंगाऐवजी ती खडकांवर टांगायला लावली आणि वाजवायला एक गडी ठेवला.

म्हातारीने त्याला समजावून पाहिलं. "पाटील, माझं शिंग आणि घाटावरची घंटा एकाच सुरात वाजतात. पण घंटेतून पितळ बोलतं आणि शिंगातून हाड. नावाडी ओळखतो ते त्यावरूनच."

पाटलाने ऐकलं नाही. म्हातारी शिंग घेऊन लेकीच्या गावी निघून गेली.

पौषातल्या एका सकाळी पाटील पलीकडच्या बाजारातून नावेने परतत होता. बरोबर त्याची बायको आणि चार गावकरी होते. नाव मध्यावर आली आणि धुकं दाटलं. समोरून घंटा वाजली. पाठोपाठ दुसरी वाजली. अगदी तशीच.

नावाडी वल्हं थांबवून कान देत राहिला. मग हळूच त्याने विचारलं, "पाटील, यातला घाट कोणता?"

पाटील एकदा या आवाजाकडे, एकदा त्या आवाजाकडे मान वळवू लागला. नदी काही थांबली नाही. नाव खडकावर आदळली आणि फुटली.

माणसं खडकांना धरून वाचली. नावाड्याचा उजवा हात मात्र फळी आणि खडकाच्या मधे चिरडला. तो पुन्हा कधी वल्हं मारू शकला नाही.

पाटील ओल्या कपड्यांनी काठावर नुसता बसून राहिला. ऊन कलल्यावर तो उठला आणि खडकांवरची घंटा त्याने स्वतःच्या हाताने उतरवली.

त्यानंतर धुकं पडलं, की पाटीलच खडकांवर उभा राहून हाका घालायचा. ओरडून ओरडून त्याचा घसा कायमचा बसला. पण त्या आवाजाची घंटेशी गल्लत कोणाचीच झाली नाही.

तात्पर्य: सूर एक असला, तरी प्रत्येकाचा नाद वेगळा असतो; तो पुसून टाकला, तर ऐकणाऱ्याची वाट चुकते.