पुसण्याची परवानगी

सन २००९, कार्तिक महिना, हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस. बियाणे संघाचे गोदाम माझ्याकडे होते. तिथला कॉम्प्युटरचा प्रोग्राम केतकी गोडांबे हिने लिहिला होता. माझी नजर अधू, म्हणून तिने माझ्यापुरती अक्षरे बोटभर मोठी करून दिली. नाहीतर माझे काम गेलेच होते.

एका सकाळी चाळीस पोत्यांची नोंद नाहीशी झाली. अध्यक्ष नाडगौडा सगळ्यांसमोर गरजले, "पोरी, तुझा प्रोग्रामच खोटा! उद्यापासून येऊ नकोस."

मी म्हणालो, "थांबा साहेब. नोंद पुसली कशी जाते, ते तरी बघू."

मी माझ्या नावाने प्रोग्राम उघडून पुसायचे बटण दाबले. पडद्यावर उमटले, 'तुम्हाला परवानगी नाही.' कारकुनाने स्वतःच्या नावाने दाबले, तेच. केतकीने तिच्या नावाने दाबले, तरी तेच.

"तुलाही नाही?" मी विचारले.

"नाही काका. पुसायची परवानगी फक्त साहेबांना, असा त्यांचाच हुकूम होता. माझीसुद्धा काढायला लावली."

मी खुर्ची अध्यक्षांपुढे सरकवली. "बसा साहेब. तुम्हालाही नाही म्हणाला, तर प्रोग्राम खोटा."

अध्यक्ष बसले नाहीत.

केतकीचे काम राहिले. माझी फेड झाली.