सगळ्यात वेगवान डिस्क

संगणक सुरू झाला की घरभर खरखर ऐकू यायची, त्या काळातली ही गोष्ट. मुकुंद फणसळकरांच्या संगणकात एक हार्ड डिस्क राहायची. फणसळकरांना एकच वेड, तिचा वेग मोजायचा. रोज चाचणी लावायची, आकडा बघायचा आणि मित्रांना फोन करून सांगायचा.

"अहो, कामाला लावा की मला!" डिस्क करवादायची. "नुसती पळवताय काय?"

डिस्कवर सामान कमी असलं की आकडा वाढतो, हे फणसळकरांच्या लक्षात आलं. मग ते एकेक फाइल पुसत सुटले. शेवटी चाचणीचा प्रोग्रॅम तेवढा उरला. आकडा असा आला, की त्यांनी पेढे आणले.

तेवढ्यात त्यांची बायको शशिकला म्हणाली, "अहो, मी टाइप केलेल्या आईच्या ओव्या उघडा ना. तिच्यामागे तेवढ्याच राहिल्यात."

फणसळकरांनी फाइल मागितली. पापणी लवायच्या आत पडद्यावर उत्तर आलं, 'फाइल सापडली नाही.'

"नीट शोध!" फणसळकर डिस्कवर खेकसले.

"काय शोधू, तुमचं कपाळ?" डिस्क कडाडली. "इतक्या झटपट 'नाही' म्हणणारी डिस्क गावात दुसरी नसेल. करा फोन, सांगा मित्रांना!"