नावाडीणबाईचं अकरावं मत

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराळ मुलखात अकरा गावं होती. तिथे राजा नव्हता. दर पाच वर्षांनी प्रत्येक गाव आपला एक पंच निवडायचं आणि पंच मिळून कारभारी ठरवायचे. मुलखात दोन पक्ष होते, फेटेवाले आणि टोपीवाले.

एका वर्षी पाच पंच फेटेवाल्यांचे आले, पाच टोपीवाल्यांचे. अकरावी पंच होती भिवरा नावाची नावाडीण. ती कुठल्याच पक्षाची नव्हती. तिचं गाव नदीपलीकडे होतं. पुराच्या दिवसांत नाव बंद पडायची. आदल्या वर्षी एक बाळंतीण अलीकडच्या वैद्याची वाट बघत काठावरच गेली होती. म्हणून गावाने भिवराला एकच मागणं देऊन धाडलं होतं, नदीवर पूल.

फेटेवाल्यांचा पुढारी तिच्या दारी आला. "भिवराबाई, आमच्या बाजूला या. तुम्हाला धान्यकोठाराची प्रमुख करतो."

"आणि पूल?"

"आधी सत्ता येऊ द्या. मग बघू."

दुसऱ्या दिवशी टोपीवाल्यांचा पुढारी आला. त्याने तिला उपकारभारी करायचं कबूल केलं. पुलाचं विचारताच तोही म्हणाला, "बघू."

भिवराचा भाऊ वैतागला. "अगं, घे की पद! दारी आलेलं कोणी परत पाठवतं का?"

भिवराने ऐकलं नाही. चावडीवर सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मला पद नको. पुलाचं काम जो आधी सुरू करील आणि तडीस नेईल, त्याला माझं मत."

दोन्ही पुढारी रागाने उठून गेले. महिना झाला तरी कारभारी ठरेना. सगळी कामं अडली. "एका बाईपायी मुलूख खोळंबलाय," असं लोक तिच्या तोंडावर बोलू लागले. तिच्या गावातलेही कुरकुरले. आपलं चुकलं की काय, असं भिवरालाही वाटू लागलं.

मग एके सकाळी टोपीवाल्यांनी अलीकडच्या काठावर लाकडाच्या गाड्या उतरवल्या. ही बातमी कळताच फेटेवाल्यांनी पलीकडून दगड रचायला घेतले. चुरस लागली. एकमेकांच्या कामातल्या चुका काढायला दोघेही टपलेले. फेटेवाल्यांनी टोपीवाल्यांची एक तुळई ठोकून पाहिली, तर ती आतून पोखरलेली निघाली. टोपीवाल्यांना ती निमूटपणे बदलावी लागली.

पुराआधी पूल जुळला. दोन्ही पुढारी भिवरासमोर उभे राहिले.

"काम टोपीवाल्यांनी आधी सुरू केलं. मत त्यांना," ती म्हणाली.

फेटेवाला पुढारी पडेल चेहऱ्याने वळला. भिवराने त्याला हाक मारली. "दादा, ती पोखरलेली तुळई तुमच्यामुळे सापडली. नाहीतर आमची माणसं पाण्यात गेली असती. आता चावडी सोडू नका. यांच्या कामावर अशीच नजर ठेवा."

पुढच्याच बैठकीत तो सगळ्यांच्या आधी उठला आणि नव्या कारभाऱ्याला त्याने खणखणीत आवाजात विचारलं, "पुलाला कठडा कुठाय?"

आठवड्याच्या आत कठडा बसला.

तात्पर्य: मत विकाऊ नसलं, तर पक्षांची चुरस लोकांच्या कामी येते; आणि हरलेला पक्ष जागा राहिला, तर जिंकलेल्यालाही काम नीट करावं लागतं.