कावळ्याच्या धोंड्यावरची ओली भाकरी

केतकी, हातातलं काम ठेव आणि आज काय झालं ते आधी ऐक. नगरकडचं बोरखडी गाव, चर्चचा कापणीचा सण, दोनशे माणसं पत्रावळीवर बसलेली, रश्शाचा घमघमाट सुटलेला, आणि कोणी घासच उचलेना! का, तर नदीकाठच्या एका काळ्या धोंड्यावर पाळकांनी पाण्यात बुडवून भाकरी ठेवलेली, आणि तिला कावळा शिवायचा होता. आम्हा पाहुण्यांतला एक बोलून गेला, अहो, हे तर दहाव्याला करतात, तुम्ही तर ख्रिस्ती! शेजारी योनाबाबा बसले होते, ऐंशीच्या पुढचे. ते रागावले नाहीत. म्हणाले, "कावळा येईस्तोवर तुम्हालाही काम नाही, मलाही नाही. ऐका."

त्यांच्या पणज्याच्या काळी म्हणे दोन वर्षं पाऊस फिरकलाच नाही. नदीत नुसते खडक उरले. घागरभर पाण्याला तीन कोस चालायचं. गावातली काही घरं तेव्हा नुकतीच ख्रिस्ती झालेली, त्यातलंच एक रिबकाचं. बाप्तिस्म्याला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा शांतवन तापानं गेला. घरात उरल्या दोघी, रिबका आणि सासू ठकूबाई. म्हातारीनं मात्र आपले जुने देव सोडले नव्हते.

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कोठीतून रोज माणशी एक भाकरी मिळायची, त्यावरच दोघी तगून होत्या. आता पाळक याकोब माणूस वाईट नव्हता हो. स्वतःच्या वाटची अर्धी भाकरी तो पोरांना द्यायचा. पण दुष्काळात माणसं घाबरून पुन्हा जुन्या वाटेला लागतील, अशी त्याला धास्ती. त्यानं भर उपासनेत सांगून टाकलं होतं, की मेलेल्यांच्या नावानं कावळ्याला घास घालील त्याला मंडळीत जागा नाही. आणि मंडळीतून गेलं, की कोठीतूनही गेलंच.

शांतवनच्या दहाव्याला ठकूबाईनं भाकरी बाजूला सारली. "माझ्या लेकाच्या नावानं ठेव ती बाहेर. कावळा शिवल्याबिगर माझ्या तोंडात पाणी जायचं न्हाई."

रिबकानं विनवलं, हात जोडले. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. दिवस कलला, तिचे ओठ पांढरे पडले, तेव्हा रिबका उठली. आपल्या वाटची भाकरी पदराखाली घेऊन नदीकाठी गेली, आजूबाजूला कोणी नाही बघून धोंड्यावर ठेवली. कावळा आला आणि अख्खी भाकरी उचलून उडाला. म्हातारी जेवली. रिबका उपाशीच निजली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कावळा त्यांच्या छपरावर बसला आणि चोचीतला तुकडा अंगणात पडला. रिबकानं उचलला, तर भाकरी ओली! पाण्यानं चिंब! अंगणातली माती पायाला चटके देत होती आणि हातातून पाणी गळत होतं. तिनं आपल्या भाकरीतला आणखी एक तुकडा मोडून ठेवला. कावळ्यानं तो उचलला, आणि ही अनवाणी त्याच्यामागे धावत सुटली. नदीच्या पात्रात, एका मोठ्या खडकाच्या पोटाखाली, कावळा निवांत बसून भाकरी बुडवत होता. तिनं वाळू उकरली. मनगटापर्यंत हात गार झाला.

तिथे ती कितीतरी वेळ बसून राहिली, असं सांगतात. पुढे होऊन सांगावं, तर कुणीही विचारणार, तुला कसं सापडलं? खोटं बोलायची तिला सवय नव्हती. आणि गप्प राहिलं, तर दोघींपुरतं पाणी होतं. कोणाला कळणार होतं?

पुढच्या सकाळी कोठीसमोर भाकरीची रांग लागली होती. रिबका रांगेत शिरली नाही, थेट पाळकापुढे जाऊन उभी राहिली.

"पाणी सापडलंय," ती म्हणाली. "पण आधी मला मंडळीतून काढा, मग कुठे ते सांगते."

मग तिनं सगळं सांगितलं, नवऱ्याच्या नावाच्या घासापासून. शेवटी तिनं एकच विचारलं. "पाळकसाहेब, बायबलातला एलिया संदेष्टा दुष्काळात करीथ ओहोळापाशी उपाशी बसला होता, तेव्हा देवानं त्याला भाकरी कोणाच्या चोचीतून धाडली? तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

याकोब आपल्या वाटची भाकरी घेऊन तिच्यामागून नदीवर गेला. सगळ्या गावानं वाळू उपसली, ख्रिस्ती असो की नसो. दिवस मावळायच्या आत पहिली घागर भरली. तेव्हा पाळकानं आपली भाकरी त्या पाण्यात बुडवून धोंड्यावर ठेवली.

"ते वचन मी पन्नास वेळा वाचलं असेल," तो म्हणाला. "पण माझं लक्ष नेहमी एलियाकडे. कावळा मला कधी दिसलाच नाही."

आजही कापणीच्या सणाला पहिली भाकरी पाळक स्वतःच्या हातानं झऱ्यात बुडवून ठेवतात, ती एलियाच्या कावळ्यांची म्हणून. धोंड्याजवळच्या म्हाताऱ्या मात्र ओठांतल्या ओठांत आपापल्या गेलेल्या माणसांची नावं घेतात. पाळकांना ते ऐकू येतं. ते ऐकून घेतात.

आज कावळा पावणेदोनला आला. जेवताना सगळे रश्शावर तुटून पडले होते, पण माझ्या डोक्यात ती खडकाखाली एकटी बसलेली बाईच घोळत होती. खरं सांग केतकी, तू असतीस, तर रांगेपुढे जाऊन उभी राहिली असतीस, की गुपचूप घागर भरून घरी आली असतीस?